धूर नको, झाकण उघडा

भाद्रपदात तापाचे रुग्ण वाढू लागले की नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाकडे एकच मागणी येते: धुराची गाडी पाठवा. गाडी गल्लीतून फिरली की सगळ्यांना बरं वाटतं. स्वच्छता निरीक्षक म्हणून माझं मत मात्र वेगळं आहे. धुरळणीने त्या वेळी उडणारे डास मरतात. रांजणातल्या अळ्यांना धूर लागत नाही आणि चार दिवसांत त्यांचे नवे डास होतात. आमच्या कामांत सर्वांत जास्त दिसणारं आणि सर्वांत कमी टिकणारं काम हेच.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आणि पाणी साठवणं तर आमच्या मंगळवेढ्याच्या हाडात आहे. दुष्काळात बादशाही कोठारं उघडणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. तालुक्यातल्या ३५ गावांचा पाणीप्रश्न कित्येक निवडणुकांत गाजला. नळाला पाणी आलं की इथली बाई हंडा, पिंप, बॅरल सगळं भरून ठेवणारच. तिला ‘पाणी साठवू नका’ असं सांगणं चूक आहे. साठवा, पण घट्ट झाका आणि आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून घासा. नुसतं पालथं घालून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेशी भांड्याला आतून चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जगतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून हा आठवड्याचा नेम.

‘एवढं पाणी ओतून देऊ का?’ हा प्रश्न घरोघरी येतो, आणि तो रास्त आहे. ओतू नका. फडक्यातून गाळून धुण्याभांड्याला वापरा. फडक्यावरच्या अळ्या कोरड्या मातीत झटका, मरतात. रिकामा करता न येणाऱ्या हौदात आम्ही गप्पी मासे सोडतो किंवा अबेट हे अळीनाशक टाकतो.

दुकानदारांचंही तेच. पंक्चरवाल्याची उघड्यावरची टायरं, भंगाराचे डबे, बांधकामावरचे हौद ही डासांची हक्काची घरं. साठवलेल्या पाण्यातून उलट्या-जुलाबही पसरतात, म्हणून हॉटेलवाल्यांनी टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट करून घ्यावी. नमुन्यात औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. शेवटच्या नळालाही ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. हॉटेलचा परवाना २०११ पासून अन्न सुरक्षा कायद्याखाली येतो, तरी उलट्या-जुलाबांची साथ आली की धावपळ गावालाच करावी लागते.

पण या सगळ्याची किल्ली एकाच ठिकाणी आहे. अळ्या शोधायला आमचा कर्मचारी घरात, पार मोरीपर्यंत जावा लागतो. पुष्कळ घरांत त्याला उंबऱ्यावर थांबवतात. ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणतात, आणि त्याचं आडनाव ऐकून तर काही चेहरे बदलतात. हे मी पाहिलं आहे आणि ते मला सहन होत नाही. देवळाच्या दाराबाहेर ठेवलेले चोखोबा याच गावचे. परंपरा सांगते, १३३८ मध्ये याच गावचं कूस बांधताना ते कोसळून चोखोबा त्याखाली गेले. त्यांच्या गावात तरी गावासाठी राबणारा माणूस दाराबाहेर उभा राहू नये.

दिवाळीची झाडलोट कराल तेव्हा गच्चीवरची टाकी आणि फ्रीजमागचा ट्रे विसरू नका. आणि आमचा माणूस आला, तर त्याला आत घ्या, पाणी द्या आणि रांजणाचं झाकण त्याच्यासमोर उघडा.