घर जागं झालं!

दोस्तांनो, एक प्रश्न विचारू? डोळे बांधून तुम्हांला तुमच्याच घरात सोडलं, तर न धडपडता पाण्याच्या माठापर्यंत जाता येईल? "हॅ, त्यात काय!" असंच म्हणालात ना? मग दुसरा प्रश्न. हे तुम्हांला शिकवलं कुणी?

उत्तराची घाई नको. आधी माझ्याबरोबर कोकणात चला.

रत्नागिरीपासून तासाभराच्या वाटेवर एका गावात आमचं जुनं घर आहे. तिथं आजी एकटी राहायची. तिचा पाय मोडला, ती मुंबईला आमच्याकडे आली आणि घराला कुलूप लागलं. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. "विकून टाकू या," असं मोठी माणसं हळू आवाजात बोलू लागली. आजीला कमी ऐकू येतं, पण एवढं मात्र बरोब्बर ऐकू आलं! ती म्हणाली, "विका हो. पण यंदाचा गणपती तिथं बसवा, मग काय ते ठरवा."

म्हणून गणपतीच्या चार दिवस आधी आम्ही निघालो. आजी, दादा-वहिनी, सहावीतली पुतणी आणि मी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हापासून गाव जवळ आलं खरं. पण गणपतीतली गर्दी काय वर्णावी! आजीला कशीबशी खिडकी मिळाली. बाकी आम्ही सामानावर!

रत्नागिरीत पुतणीला थिबा राजाचा वाडा दाखवला. हा ब्रह्मदेशचा राजा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि पुढं त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी हा वाडा १९१० च्या सुमारास बांधला. पण मायदेशी काही त्याला परतता आलं नाही. १९१६ मध्ये तो इथंच वारला. "एवढा मोठा वाडा, पण त्याला आपलं घर वाटला असेल?" पुतणीनं विचारलं. आजी नुसतीच हसली. म्हणाली, "आधी आपलं घर आपल्याला ओळख देतंय का, ते बघू."

आणि काय सांगू, घरानं ओळखच दिली नाही! कुलूप गंजलेलं. खोबरेल तेल सोडून अर्धा तास खटपट केली तेव्हा उघडलं. आत कुबट वास. भिंतीवर वाळवीच्या मातकट रेघा. माजघरातलं एक कौल सरकलं होतं आणि त्यातून पाणी गळून खालची जमीन उखडली होती. पुतणी आत शिरली आणि धाडकन तिचं डोकं चौकटीला आपटलं. आमच्या घराची दारं ठेंगणी ना! संध्याकाळपर्यंत तिनं तीन टेंगळं जमवली आणि ओटीच्या पायरीवर बसून ती रडू लागली, "मला घरी जायचंय!"

आजी म्हणाली, "अगो, घरीच तर आल्येस!"

आता तुम्हांला वाटेल, आजीनं आधी झाडू घेतला असेल. छे! ती काठी टेकत थेट स्वयंपाकघरात गेली आणि तिनं चूल पेटवली. सगळीकडे धूर! आम्ही खोकून बेजार. पण त्या धुरात शहाणपण आहे, बरं का. चुलीचा धूर वर चढतो आणि कौलांच्या फटींतून बाहेर जातो. जाताजाता वासे आणि रिपा कोरड्या ठेवतो, लाकडाला किडीपासून जपतो. माणसं राहती असली, की रोज हे काम आपोआप होतं. घर बंद झालं, चूल विझली, की ओल आणि वाळवी यांचं राज्य सुरू होतं. आमच्याच वाडीत एक घर असं बंद राहून खाली बसलंय. आढं मोडलं, कौलं फुटली, आणि आता आत रान माजलंय. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या माणसांची अशी कितीतरी बंद घरं कोकणात दिसतात.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका शिडी घेऊन आले. ते छपरावर आणि आम्ही खाली, हातोहात कौलं देत. ही मंगलोरी कौलं. मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशननं अशा कौलांचा कारखाना काढला आणि ती कोकणभर पसरली. त्याआधी कुंभारानं घडवलेली नळीची कौलं असायची. एकात एक अडकणारी ही कौलं उतरत्या छपरावर बसली, की पाणी सरसर घरंगळून जातं. तशी गरजच आहे! रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणून दरवर्षी पावसाआधी छपरावर चढून फुटकं कौल बदलायचं, सरकलेलं नीट बसवायचं. तीन वर्षं ते झालंच नव्हतं. एका वाशाचं टोक तर हातानं भुगा होत होतं. तो बदलावाच लागला.

भिंती मात्र ठणठणीत. त्या जांभ्या दगडाच्या. हा दगड खाणीतून काढताना इतका मऊ असतो, की त्याचे विटेसारखे चिरे कापता येतात. मग हवा लागून तो टणक होतो. बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट!

तिसऱ्या दिवशी माजघर सारवलं. शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं. पुतणीनं आधी नाक मुरडलं. मग एक बोट घातलं. मग पाच. मग कोपरापर्यंत हात! आजी ओटीवरच्या झोपाळ्यावरून सूचना देत होती, "हात गोल फिरव. अर्धा वर्तुळ, मग पुढचं. मागे सरकत ये, नाहीतर आपल्याच सारवणावर उभी राहशील!" ती राहिलीच उभी. पावलाचा ठसा उमटला. पुसू म्हटलं, तर आजी म्हणाली, "राहू दे. घराला कळू दे कोण आलंय ते."

त्या रात्री धो धो पाऊस आला. आम्ही सगळे श्वास रोखून वर बघत होतो. एक थेंब नाही! कौलांवर ताशा वाजत होता, पोटात गरम कुळथाचं पिठलं होतं, अंगावर आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी होती. पुतणी म्हणाली, "आता बरं वाटतंय." ना पंखा, ना टीव्ही, तरी बरं वाटतंय! असं का बरं? तिनं दिलेलं कौल वर होतं आणि तिनं सारवलेली जमीन खाली होती, म्हणून तर नव्हे?

गणपती आले. आरतीला अख्खी वाडी खळ्यात जमली. विसर्जनानंतर विकण्याचा विषय निघाला, तेव्हा दादाच म्हणाला, "दर मे महिन्यात मी येऊन छप्पर बघीन. यंदा तरी राहू दे." शेजारच्या काकूंनी किल्ली ठेवून घेतली. पंधरा दिवसांनी दारं उघडायची, चूल पेटवायची. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. घर कायमचं वाचलं, असं मी तुम्हांला खोटं सांगणार नाही. पण यंदा ते जागं आहे.

आणि गंमत ऐका. मुंबईत परत आलो. आमच्या फ्लॅटचं दार चांगलं सात फूट उंच. तरी पुतणी आत शिरताना आपसूक खाली वाकली! आम्ही सगळे हसलो. आजी हसली नाही. तिनं डोळ्याला पदर लावला.

सापडलं का उत्तर? घर आपल्याला टेंगळं देऊन शिकवतं, आणि आपण हात लावला, की ते आपलं होतं. मग या रविवारी घरातलं एक काम तुमच्याकडे घ्या. पडद्याची निसटलेली कडी लावा, आजोबांच्या खुर्चीचा हलणारा पाय ठोका, नाहीतर खिडकीत एक तुळस लावून रोज पाणी घाला. आईबाबांनो, पसारा होईल, पाणी सांडेल. पण तेवढा एक ठसा राहू द्या बरं का!