परक्या झाडावरची खार

'देशी' आणि 'परके' या दोन शब्दांवर आमची अर्धी अध्यापकी उभी आहे. म्हणूनच इंग्लंडमधील नॉर्थम्बरलंडच्या कील्डर अरण्याविषयी वाचताना आम्ही थबकलो. १९२६पासून तेथे सरकारने लाकडासाठी सूचिपर्णी वृक्ष लावले. त्यांतला बहुतेक सिट्का स्प्रूस, मूळचा उत्तर अमेरिकेचा. त्या काळोख्या, एकसुरी रांगांना अरण्य म्हणणेही आमच्या जिवावर येते! परंतु इंग्लंडातील लाल खारीचा सर्वांत मोठा आसरा आज हाच आहे. १८७६मध्ये अमेरिकेतूनच आणलेल्या करड्या खारीने तिला देशी पानगळीच्या रानांतून हुसकावले. करडीला सहसा न बाधणारा पॉक्स विषाणू लाल खारीचा जीव घेतो. सिट्काचे बी बारीक. त्यावर लाल खारीचे कसेबसे भागते, करडीचे भागत नाही. एखाद्या वर्षी सिट्काला शंकू फारसे धरत नाहीत, म्हणून वनाधिकारी अधूनमधून नॉर्वे स्प्रूस आणि पाइन राखतात. तोड करताना शेंड्याला शेंडा लागलेले पट्टे सोडतात. भूर्ज, विलो चालतात. मोठ्या बियांचा अस्सल देशी ओक मात्र दूर ठेवायचा, कारण त्यामागून करडी येते.

देशीवादाच्या तासाला हे उदाहरण द्यावे काय, यावर आमचे एकमत झालेले नाही. तास मंगळवारी आहे.