तसबिरीचे कोपरे

23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्या यांच्यावर बंदीचा हुकूम जारी केला, आणि पहिल्याच गुन्ह्यास 5,000 रुपये दंड ही त्यातली तरतूद पेठेत कर्णोपकर्णी झाली. तेव्हा तुळजापुरात देवीच्या तसबिरी विकणारे माझे एक स्नेही, काचेच्या कोपऱ्यांना लावायचे थर्माकोल दंडाच्या धास्तीने दुकानातून काढून टाकून, माझ्याकडे आले. जिल्ह्याचे नाव तेव्हा सरकारदफ्तरी उस्मानाबाद असे होते. मी उभी हयात रसायनशास्त्र शिकवण्यात घालवलेली. ज्वारीच्या पिष्टापासून तसेच हलके कोपरे करून देण्याचे मी तत्काळ कबूल केले.

चाळणीखाली उरलेली फुटकी ज्वारी आणली. कुरडईसाठी गव्हाचा चीक काढतात त्याच रीतीने ती भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, वरचे पाणी निथळून घेतले, आणि खाली बसलेल्या पांढऱ्या साक्याचे सरबरीत मिश्रण तापलेल्या लोखंडी साच्यात ओतले. पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडताना पिष्ट फुगते, आत जाळी पडते आणि कोपरा तयार होतो. पहिला कोपरा हातावर घेतला तेव्हा तो इतका हलका होता की मला धन्य वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी, चैत्राच्या रखरखीत हवेत, तो अंगठ्याच्या दाबाने कडकन मोडला.

याचे कारण मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दाखवले होते. पिष्टाच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात. इतक्या की अगदी कोरडे पिष्ट तापवले तर ते वितळण्याआधीच करपते. त्या साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांची पकड सैल करणारे लहान रेणूंचे द्रव्य लागते. त्यालाच प्लॅस्टिसायझर म्हणतात. पाणी हे त्यातले सर्वांत जुने आणि सर्वांत चंचल: उन्हाळ्यात निघून जाते, पावसाळ्यात बोलावल्यावाचून येते. म्हणून मी ग्लिसरीनकडे वळलो. ते 290 अंशांना उकळते, तेव्हा साच्यातून उडून जाण्याचे भय नाही. मात्र ते स्वतःच हवेतली आर्द्रता ओढून घेते, या गोष्टीस मी पुरेसे महत्त्व दिले नाही, आणि शंभर भाग पिष्टास तीस भाग ग्लिसरीन घालून मोकळा झालो.

वैशाखात ते कोपरे सुरेख वाकत. आषाढात, चार दिवसांची झड लागल्यावर, ते चिकट झाले, जाळी खचली, आणि त्यांच्या भरवशावर एकावर एक रचलेल्या तसबिरींपैकी दोहोंच्या काचा तडकल्या. स्नेह्यांनी एक शब्दही काढला नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

त्या संध्याकाळी आई ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, "अरे, आपला पापड चैत्रात मोडतो नि आषाढात सादळून वातड होतो. तुझ्या कोपऱ्यानं निराळं का वागावं?" सादळणे! ज्या क्रियेसाठी मी वर्गात दोन वाक्ये खर्च करीत असे, तिला आमच्या स्वयंपाकघरात एका शब्दाचे नाव होते, आणि मी ते कधी शास्त्राच्या दफ्तरात नोंदवले नव्हते.

मग मी एक वही घातली. रोज सकाळी त्याच चार कोपऱ्यांचे वजन करून लिहू लागलो. पाऊस लागला की आकडा चढे, उघडीप पडली की उतरे. ग्लिसरीन कमी करीत करीत दहा भागांवर आणले, आणि उन्हाळ्यात साच्यातून काढलेले कोपरे रात्रभर ओल्या पोत्याजवळ झाकून ठेवण्याची तजवीज केली, म्हणजे साच्यात गमावलेले पाणी त्यांना बेताने परत मिळे. पावसाळ्यात पोते बाजूला ठेवून कोपरे थेट बंद डब्यात घालू लागलो. आश्विनात, नवरात्राच्या गर्दीत, स्नेह्यांच्या तसबिरी याच कोपऱ्यांवर परगावी गेल्या.

आईच्या पापडाच्या डब्यात आजही माझा एक कोपरा असतो. पापड वाकू लागला की ती मला हाक मारते, आणि त्या दिवसापासून मी मिश्रणात ग्लिसरीन आणखी दोन भागांनी कमी घालतो.