निकालाआधीचे दाते

जालन्यातल्या एका महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षण संचालक म्हणून आयुष्यभर नोकरी केली. मैदानावर जितका वेळ उभा राहिलो, जवळजवळ तितकाच वेळ दुकानांच्या पायऱ्यांवर आणि कारखान्यांच्या कचेऱ्यांत बसलो. कुणाला बूट हवे होते, कुणाला दूध, कुणाला स्पर्धेच्या गावी जायला रेल्वेचं तिकीट. मी मागत गेलो आणि माणसं देत गेली. त्यातली बरीच आता हयात नाहीत. त्यांच्या नावाची पाटी कुठे लागलेली नाही आणि कुठल्या अहवालात त्यांचा उल्लेख नाही. त्यांनी काय दिलं आणि कोणत्या वेळी दिलं, हे माझ्यानंतर कुणी सांगणार नाही, म्हणून लिहितो आहे.

ही मागण्याची पाळी का येते, ते आधी सांगायला हवं. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालं. पुढे त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. जालना जिल्ह्यातली महाविद्यालयं त्याच विद्यापीठाची. विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी क्रीडा शुल्क भरतो आणि त्यातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा चालतात. तिथे निवड झाली की खेळाडू विद्यापीठाच्या संघात जातो. मग त्याचा प्रवास, भत्ता, गणवेश ही जबाबदारी विद्यापीठ घेतं. अडचण असते ती निवडीआधीच्या वर्षाची. पहाटे उठून पळायचं, वर्गात बसायचं, संध्याकाळी पुन्हा मैदानात उतरायचं आणि एवढ्यावर अंगाला लागेल असं काही खायचं. या वर्षाची तरतूद कुठल्याही अंदाजपत्रकात धड बसत नाही. मंठा, परतूर, घनसावंगीकडून आलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलामुलींना ते वर्ष स्वतःच्या खर्चाने काढणं शक्य नसतं.

जालन्याचा हात आखडता आहे, असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्या शहरातल्या जेईएस महाविद्यालयाचं पुरं नाव वाचून बघा. कला शाखेला आर. जी. बगडिया, वाणिज्य शाखेला एस. बी. लाखोटिया, विज्ञान शाखेला आर. बेझनजी. एका व्यापारी गावाने आपल्या मुलांच्या शिक्षणाला काय मानलं, ते या तीन नावांत दिसतं. इमारतीला देणगी मिळते, कारण इमारत उभी राहते, दिसते, टिकते. खेळाडूच्या पोटात गेलेलं दूध कुणाला दिसत नाही. बुटाचे तळ सहा महिन्यांत झिजतात. तिकीट एकदा फाटलं की संपलं. देणाऱ्याला दाखवायला माझ्याजवळ काही उरत नसे, आणि मागणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते.

सुरुवातीला मागायची लाज वाटायची. ती समर्थांमुळे गेली. १६०८ साली ज्या जांबेत रामदासांचा जन्म झाला, ते जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यातलं. गावोगाव मारुती बसवून बलोपासना सांगणारा हा पुरुष भिक्षेवर राहिला, आणि दासबोधाच्या चौदाव्या दशकात त्यांनी भिक्षेवर एक अख्खा समास लिहिला. भिक्षेच्या निमित्ताने दारोदार गेलं की माणसं कळतात, ही त्यांची दृष्टी मला फार उपयोगी पडली. बलोपासना आणि झोळी एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र नांदली असतील, तर कबड्डीच्या संघासाठी वर्गणी मागणाऱ्या मास्तराने मान खाली घालायचं कारण नाही, असं मी मनाशी ठरवलं.

पहिलं ऋण मोंढ्यातल्या एका आडत्याचं. शेतमालाच्या पट्टीतून थोडी रक्कम धर्मादाय म्हणून बाजूला काढायची जुनी रीत मोंढ्यात होती. त्या खात्यातून गोशाळा, पाणपोई, अन्नदान चालायचं. मी शेठजींकडे गेलो तेव्हा ते गादीवर बसले होते, समोर लाल कापडाच्या बांधणीची वही होती. माझं म्हणणं ऐकून घेतल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, “मास्तर, पळण्यात धर्म कोणता?” त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता. धर्मादायाचा पैसा भलतीकडे जाऊ नये, याची त्यांना काळजी होती. माझ्याबरोबर घनसावंगीकडचा एक मुलगा होता. मी म्हणालो, “शेठजी, हे लेकरू पहाटे अंबड रोडने दहा-बारा किलोमीटर पळतं आणि रात्रीच्या भाकरीवर दुपारपर्यंत वर्गात बसतं. उपाशी पोराला जेवू घालणं धर्मात बसतं का?” शेठजी काही बोलले नाहीत. मुलाच्या पायांकडे त्यांनी एकदा पाहिलं, वही मुनीमजींकडे सरकवली आणि म्हणाले, “लिहा. मास्तरांच्या पोरांचं दूध.”

दुसऱ्या दिवसापासून वसतिगृहावर दूध येऊ लागलं. त्या वर्षी क्रॉसकंट्रीत तो मुलगा विसावा आला. मी जड पावलांनी सांगायला गेलो. शेठजी म्हणाले, “विसावा म्हणजे पुढे एकोणीसच राहिले. दूध चालू राहील.” किती मुलं पितात, कोण जिंकलं, पेपरात फोटो आला का, असा हिशेब त्यांनी पुढे कधीच विचारला नाही. ते होते तोवर दूध चालू राहिलं.

दुसरं ऋण औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरचं. जालना म्हणजे सळ्यांचं गाव, लोखंडाला इथे तोटा नाही. गोळाफेकीचे गोळे विकत घ्यायला मात्र आमच्याकडे पैसे नव्हते. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, महिलांचा ४ किलोचा. मी त्या भाऊंना मापं सांगितली. त्यांनी पत्र्याचं अर्धगोल गेज कापलं आणि पाळी संपल्यावर, मालकाला विचारून, लेथवर लोखंडाचा ठोकळा बांधला. गेज लावून बघायचं, थोडं कातायचं, पुन्हा लावायचं. गोळा साधारण बारा सेंटिमीटरवर आला तेव्हा ते मला घेऊन शेजारच्या किराणा दुकानात गेले. तराजूच्या एका पारड्यात गोळा ठेवला, दुसऱ्यात ५ किलो, २ किलो, २०० ग्रॅम, ५० ग्रॅम आणि १० ग्रॅम अशी वजनं रचली. गोळ्याचं पारडं किंचित खाली गेलं. मी म्हटलं, “जरा जड आहे, आणखी कातता का?” ते म्हणाले, “राहू द्या सर. स्पर्धेत कमी भरला तर पोराची फेक बाद होईल. जास्त भरला तर त्याचा हात तयार होईल.” नियमही तेच सांगतो. गोळा कमी वजनाचा चालत नाही. खेळाचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नव्हतं, तरी खेळाडूच्या बाजूने विचार कसा करायचा, हे त्यांना ठाऊक होतं. मजुरी विचारली तर त्यांनी हात जोडले.

पैसे मागताना मी लोकांना नेहमी खाशाबा जाधवांची हकिगत सांगत असे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनी आपल्या परीने भर घातली. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारतातल्या एका खेळाडूने एकट्याने मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं घेतली आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. १९८४ मध्ये ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

या हकिगतीतल्या बैलगाड्या सगळ्यांना आठवतात. मला त्यांच्याआधीचा तो गहाणखताचा दिवस मोठा वाटतो. त्या दिवशी पदक नव्हतं, मिरवणूक नव्हती, हा मुलगा जिंकेलच असं सांगणारं कुणी नव्हतं. घर जाण्याची शक्यता तेवढी खरी होती. मिरवणुकीत सामील व्हायला प्रेम पुरतं. घर गहाण टाकायला श्रद्धा लागते.

आमच्याकडेही हेच पाहिलं. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या जालन्यात झाल्या. बाला रफिक शेखने गदा उचलली तेव्हा माणसांचा जो महापूर लोटला होता, तो पाहून ऊर भरून आला. जालन्याचं खेळावर प्रेम नाही, असं कुणी म्हणू नये. मात्र हे प्रेम बहुतेक वेळा निकालाच्या दिवशी जागं होतं. मुलगी पदक घेऊन आली की शाल, श्रीफळ, फेटा, ढोलताशा, चौकात फलक, सगळं होतं. त्या फलकाच्या खर्चात तिचं आदल्या वर्षाचं दूध भागलं असतं. एका कचेरीत मला बराच वेळ बसवून ठेवल्यावर सांगण्यात आलं, “सर, आधी पदक आणा, मग आपण दणक्यात सत्कार करू.” सांगणारा गृहस्थ चांगल्या मनाचा होता, पण पदक येतं कसं, याची त्याला कल्पना नव्हती.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत सामन्यांची तिकिटं खपतात, दूरचित्रवाणीचे करार होतात, माजी विद्यार्थी भरभरून देतात. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या खेळविभागाला बून पिकन्स या तेलउद्योजकाने १६.५ कोटी डॉलर दिले, ही २००६ सालची गोष्ट. आमच्या विद्यापीठीय सामन्यांना तिकीट नसतं, आणि प्रेक्षक म्हणजे समोरच्या संघाचे राखीव खेळाडू. जिल्ह्याबाहेर जाऊन मोठा झालेला माजी विद्यार्थी वर्गाची आठवण काढतो, मैदानाची क्वचितच. त्यामुळे आमचा दाता आम्हाला गावातच शोधावा लागतो.

कायद्याने मात्र एक दार उघडलं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. वर्षाला किमान ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. त्या कामांच्या यादीत ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे. जून २०१४ मध्ये केंद्राच्या कंपनी मंत्रालयाने परिपत्रक काढून आणखी स्पष्ट केलं, की एखादी मॅरेथॉन किंवा पुरस्कार असा एका दिवसाचा कार्यक्रम या खर्चात धरला जाणार नाही. हे वाचून मला अतिशय समाधान झालं. एका दिवसाच्या सोहळ्यापेक्षा वर्षभराचं प्रशिक्षण महत्त्वाचं, हे निदान कायद्याच्या कागदावर तरी आलं. प्रत्येक महाविद्यालयाने वर्षभराच्या सरावाचा नेमका आराखडा करून तो संस्थेमार्फत कारखानदारांपुढे ठेवावा. सत्काराची पत्रिका घेऊन जाण्यापेक्षा हे काम अवघड आहे, पण करण्यासारखं आहे.

आणखी एक ऋण सांगितल्याशिवाय थांबता येत नाही. अंबड तालुक्यातले एक मोसंबीवाले दरवर्षी हंगामात मुलांसाठी गोण्या पाठवायचे. २०१२ चा पाऊस गेला आणि जिल्ह्यात बागाच्या बागा वाळल्या. त्यांच्या बागेवरही कुऱ्हाड चालली. त्या वर्षी त्यांच्याकडे जायचा प्रश्नच नव्हता. तेच एका पहाटे मोटारसायकल घेऊन मैदानावर आले. मुली अंधारात हमरस्त्याने पळतात, ट्रकची वर्दळ असते, हे त्यांच्या कानावर आलं होतं. म्हणाले, “सर, औंदा द्यायला काही नाही. पोरींच्या मागं गाडीचा उजेड धरून चालतो, तेवढं करू द्या.” परीक्षा जवळ येईपर्यंत ते येत राहिले. मुली पुढे, त्यांच्या मागे तो दिवा आणि धिम्या गतीने चालणारी गाडी. देणगीचा विषय निघाला की मी पैशाच्या आकड्यांआधी या माणसाचं उदाहरण सांगतो.

त्या मुलींतली एक पुढे खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून पोलिसात भरती झाली. दर जुलैमध्ये, महाविद्यालयं सुरू झाली की, ती माझ्याकडे पैसे पाठवते आणि फोनवर एकच अट घालते, “सर, ज्याचं नाव अजून पेपरात आलं नाही, त्यालाच द्या.” तिच्या वाट्याला जे आलं, त्यातलं नेमकं काय मोलाचं होतं, ते तिला बरोबर कळलं आहे.

जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. पीक दाखव, मग बियाणं देतो, असं आमच्या मोंढ्यात कुणी शेतकऱ्याला म्हणत नाही. खेळाडूच्या बाबतीतही तोच व्यवहार पाळायला हवा. तुमच्या गावातल्या महाविद्यालयात पावसाळ्यात सराव सुरू होतो. तिथल्या क्रीडाशिक्षकाला जाऊन भेटा आणि यंदा कशाची नड आहे ते विचारा. कोण जिंकणार, हे त्यालाही माहीत नसेल. ते न विचारता द्या. मला ज्यांनी दिलं, त्यांनी असंच दिलं होतं.