केशरी कार्ड

नवापूर स्टेशनात महाराष्ट्र संपतो आणि गुजरात सुरू होतो. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली तेव्हा हद्दीची रेघ फलाटावरूनच गेली. तिथे एक बाकडं आहे, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. गाड्यांची माहिती मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत सांगतात. २००९ च्या जून महिन्यात आमची सुरत पॅसेंजर तिथे बराच वेळ उभी होती. तेव्हा या मार्गावर एकच रूळ होता. समोरून गाडी यायची असली की आपली बाजूला काढून ठेवत. पोरगा खाली उतरून त्या बाकड्यावर बसला, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती. मी सीटखालच्या सामानावर पाय टेकवून बसले होते. एक पत्र्याची पेटी, दोन गोधड्या, गोधडीत गुंडाळलेलं मांडे भाजायचं खापर, आणि रेशनच्या गव्हाची नि तांदळाची दोन गोणपाटं. रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी कमरेला खोचलं होतं. घरातला तेवढाच कागद मी पेटीत ठेवला नव्हता.

आम्ही अमळनेरचे. सासरे गावातल्या कापड गिरणीत होते. ती बंद पडली आणि त्यानंतर त्या घरात बारमाही पगार कधी आला नाही. मी आणि हे जिनिंगमध्ये जायचो. कपाशी घरात यायला लागली की दिवाळीपासून काम, होळीच्या आसपास खलास. मला दिवसाला ८० रुपये, यांना थोडे जास्त. उरलेले सात-आठ महिने मिळेल ते करायचं : निंदणी, खुरपणी, बांधकामावर पाट्या. २००३ साली गावातला एक जण यांना सुरतला घेऊन गेला, लूमवर. आमच्या खान्देशातून सुरतला जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. धुळे, नंदुरबार, जळगाव या पट्ट्यातली माणसं कित्येक वर्षांपासून तिकडे जातात. लिंबायत, उधना, नवागाम, डिंडोली इथल्या गल्ल्यांत अहिराणी अशी कानावर पडते की आमच्या बोरी नदीकाठच्या एखाद्या आळीत उभे आहोत असं वाटावं.

सहा वर्षं हे एकटेच राहिले. महिन्याला पैसे यायचे, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि दिवाळीला हे यायचे. तिकडे खोलीत बारा जण, सहा दिवसपाळीचे, सहा रातपाळीचे. एक उठून गेला की त्याच्याच गादीवर दुसरा येऊन आडवा होणार. जेवण खाणावळीत. आम्हाला सगळ्यांना तिकडे नेणं महाग पडेल, असं यांचं गणित होतं, आणि ते चूक नव्हतं. लिंबायतला तेव्हा एका खोलीचं भाडं १,२०० रुपये, वर लाइट, पाणी, रॉकेल. गावात घर स्वतःचं, रेशनचं धान्य, सासूबाईंचा आधार. कागदावर मांडलं तर मी आणि पोरं गावातच राहायला हवी होती.

मी हट्ट धरला त्याची सुरुवात फोनपासून झाली. शेजाऱ्यांच्या फोनवर हे रविवारी बोलायचे. शेवटचं वर्षभर मी एक वाक्य बोलले की पलीकडून "काय? काय?" असं दोन-तीनदा यायचं. मला वाटायचं, लाइन खराब आहे. आखाजीला हे घरी आले. पोरगी मागून "बाबा, बाबा" करत आली, दोनदा, तीनदा, आणि हे चहा पीत तसेच समोर बघत बसले. तिने शेवटी सदरा ओढला तेव्हा वळले. पोरीला वाटलं बाबा रुसले. मोठ्याने बोलायचे म्हणून पोरं आधीच यांना बिचकून होती. त्या रात्री मी विचारलं. म्हणाले, "खात्यात चोवीस संचे एकदम चालतात. कान जरा भरतो. होईल बरा."

सुरतेत लूमला संचा म्हणतात आणि ते बसवलेल्या जागेला खातं. पुढे मी डबा द्यायला गेले तेव्हा आत पाय ठेवला. आवाज कानांवर येत नाही तिथे, छातीवर येतो. धोटे आपटत असतात, जमीन हादरत असते, आणि माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. तार तुटली की खूण, बीम संपत आला की खूण. बारा तास. एकेका माणसाकडे सहा ते आठ संचे. मी दारातून हाका मारल्या त्या माझ्या मलाच ऐकू आल्या नाहीत. ह्यांनी मला पाहिलं आणि हाताने सांगितलं, थांब. सहा वर्षं हा माणूस असल्या जागी कमावत होता आणि आम्ही गावात बसून त्याच्या मोठ्या आवाजाला राग समजत होतो. हे मला आजही सलतं.

मग पैशांचं गणित मी ऐकलं नाही. म्हटलं, "तुमचं काय दुखतं ते तुम्ही फोनवर सांगत नाही. मला डोळ्यांनी बघायचंय. जे खायचं ते तिथे खाऊ." हे चार दिवस गप्प होते. मग खोली बघायला गेले.

सासूबाई मात्र निघाल्या नाहीत. "घराला कुलूप लागलं की घर जातं," एवढंच म्हणाल्या. त्यांना मी खूप विनवलं. खरं सांगायचं तर त्यांच्या राहण्यामागे रेशन कार्डही होतं. केशरी कार्ड, त्यावर पाच नावं. सुरतेत नवं कार्ड काढायचं तर इथली नावं कमी केल्याचा दाखला हवा. आणि तिथे राहण्याचा पुरावा हवा. खोलीमालक भाडेकरार लिहून देईना, लाइट बिल त्याच्या नावावर. इथली नावं कमी केली आणि तिथे कार्ड झालंच नाही, तर दोन्हीकडून गेलो. शिवाय चार नावं गेली की सासूबाई कार्डावर एकट्या उरणार. मला ते बघवलं नसतं. म्हणून कार्ड अमळनेरच्या पत्त्यावरच राहिलं, धान्य सासूबाई उचलायच्या, आणि दर दीड-दोन महिन्यांनी मी किंवा हे जाऊन गोणपाट घेऊन यायचो. अडीचशे किलोमीटर, गव्हासाठी. बायका हसायच्या. पण अन्नसुरक्षा कायदा आल्यावर माणशी पाच किलो धान्य मिळायला लागलं, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो. सुरतच्या दुकानात तोच गहू पंधरा-वीस रुपयांना. चार माणसांचं वीस किलो म्हणजे माझ्या धागा कटिंगची बरीच मजुरी.

धागा कटिंग म्हणजे साडीच्या मागच्या बाजूचे सुटे दोरे कापायचे. ठेकेदाराचा माणूस गठ्ठा टाकून जायचा, साडीमागे दीड-दोन रुपये. कधी टिक्की लावायचं काम यायचं, गोंदाने एकेक खडा चिकटवायचा. लिंबायतच्या गल्लीत दुपारी प्रत्येक दारात बाई बसलेली, मांडीवर कुणाच्या तरी लग्नाची साडी. पहिल्या आठवड्यात शेजारणीने विचारलं, "कोणता गावना शेतस?" मी अमळनेर म्हटलं, तर ती पारोळ्याची निघाली. तिने मला पाण्याची वेळ सांगितली, कुठल्या ठेकेदाराकडे पैसे बुडतात ते सांगितलं, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसवली तेव्हा मला रोटाला, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणाला, बोलावलं. त्या रात्री मी माझं खापर बाहेर काढलं. तीन दगड मांडून गल्लीत चूल केली. मांडा हातावर मोठा होत गेला तशा बायका गोळा झाल्या. सुरतेत आल्यापासून त्या दिवशी मला पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

पोरांच्या शाळेचा प्रश्न सोपा नव्हता. सुरत महापालिकेच्या शाळा गुजरातीसोबत मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी अशा माध्यमांत चालतात. ही फार मोठी गोष्ट आहे. परक्या गावातल्या मजुराच्या पोराला त्याच्या भाषेत पहिला धडा मिळतो. पोरगा चौथीत होता, त्याला मराठी शाळेत घातलं. पोरगी पहिलीला. तिच्यासाठी आम्ही दोघं तीन रात्री बोललो. पुढे मोठ्या वर्गांना मराठी शाळा कमी, दुकानाची पाटी गुजराती, नोकरीचा अर्ज गुजराती. तिला गुजरातीत घातलं. एका खोलीत दोन लिप्या आल्या. पोरगी म्हणायची, "दादा, हे तुझंच आहे, वरची रेघ नाही फक्त." पण 'झ' वेगळा, 'ख' वेगळा, आकडेही काही वेगळे. तिच्या वहीतला पाच पोराला 'प' वाटायचा. मी दहावी झालेली. पोराला शिकवू शकत होते, पोरीला नाही. तिचा अभ्यास घेता घेता मीच गुजराती वाचायला शिकले, सहा महिन्यांत. यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर मीटर गुजराती आकड्यांत लिहिलेले असायचे, आणि मजुरी मीटरवर. यांनी सहा वर्षं ती चिठ्ठी तशीच घडी करून खिशात घातली होती. मी वाचायला लागले तेव्हा दोन पंधरवडे लागोपाठ एक ताका, म्हणजे कापडाचा एक तागा, कमी धरलेला सापडला. हे चिठ्ठी घेऊन शेठकडे गेले. शेठने निमूटपणे पैसे दिले. सहा वर्षांत असे किती गेले असतील, हा हिशेब आम्ही केला नाही. करवला नाही.

यांच्या कानांचं म्हणाल तर डॉक्टरने सांगितलं, गेलेलं परत येत नाही, आहे ते जपा. कापसाचे बोळे घालून काम करायला लागले. आम्ही घरात यांच्या समोर येऊन बोलायची सवय लावून घेतली. पोरगी तर हात हलवूनच सांगते, खात्यातल्या खुणांनी. बापाने शिकवल्या.

दर वर्षी वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला आम्ही सगळे अमळनेरला जायचो. बोरीच्या पात्रात यात्रा भरते. सासूबाई दारात उभ्या असायच्या आणि कोठीत आमचं धान्य भरलेलं असायचं, चाळून, निवडून. त्या स्वतः किती कमी खात असतील, हे मला त्या कोठीकडे बघून कळायचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारने एका राज्याचं रेशन कार्ड दुसऱ्या राज्यात चालवायची सुरुवात केली. पहिल्या जोड्या दोनच : आंध्र प्रदेश-तेलंगणा आणि महाराष्ट्र-गुजरात. आमच्यासारख्यांसाठीच जणू. मला कळलं ते बऱ्याच उशिरा, पोराने मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा. दुकानदार आधी नाही म्हणाला. "आ तो महाराष्ट्रनुं छे." मी दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशी पोराला घेऊन गेले. शेवटी त्याने मशीनवर नंबर घातला, मी अंगठा ठेवला. जरा वेळ काही झालं नाही. मग पट्टी बाहेर आली. २०२० चा जानेवारी महिना होता. दहा वर्षं नि सात महिने झाले होते आम्हाला येऊन, आणि आमच्या कार्डावरचा गहू पहिल्यांदा लिंबायतच्या काट्यावर मोजला जात होता. पोराने पोतं खांद्यावर घेतलं. मी त्या कागदाच्या पट्टीची घडी करून ती कार्डात ठेवली.

आठवड्याने सासूबाईंचा फोन आला. त्या दुकानात जाऊन परत आल्या होत्या. "मशीन म्हणतं, धान्य उचललं. कोणी उचललं माय?"

मी घरात जाऊन पट्टी बघितली. पाच माणसांचं पंचवीस किलो. माझ्या अंगठ्यावर सगळं आलं होतं, त्यांचंसुद्धा. थोडं इथे आणि थोडं तिथे उचलता येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. दुकानदाराने मोजलं तेव्हा पोतं जड वाटलं होतं, तरी मी आनंदात होते. आणि तिकडे बाई, जिने दहा वर्षं आमचा दाणा राखला, ती रिकामी पिशवी घेऊन घरी आली होती.

त्याच रात्री मी पाच किलो काढून वेगळं बांधलं. सकाळी उधन्याला गाडी धरली. पिशवी वर फळीवर ठेवली नाही, मांडीवरच ठेवली. नवापूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरावंसं वाटलं नाही.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवी घेतली, सुपात गहू ओतला आणि निवडायला लागल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, चुकलं माझं. पुढच्या महिन्यापासून तुमचं तुम्ही इथेच उचला, मी फक्त आमचं उचलीन. विचारून आलेय मी." त्यांनी मान हलवली. बोटं गव्हातून फिरत होती. दोन खडे काढून बाजूला टाकले, मूठभर दाणे उजेडात धरून बघितले.

"सुरतना गहू बरा शे," म्हणाल्या.