पुत्तलमहून येणारी मराठी

पालीचे नाव काढले की लोकांना बल्लाळेश्वराचे देऊळ आठवते आणि त्यामागे उभा सरसगड. त्याच गावात आमची मोजकी मुस्लिम घरे. चाचांनी जहाजावरच्या नोकरीतून आणलेला ट्रान्झिस्टर हा आमच्या घरातला मोठा ऐवज होता. त्याचे लायसन्स तेव्हा पोस्टात जाऊन भरावे लागे. बातम्यांसाठी बीबीसी उर्दू, गाण्यांसाठी सिलोन, आणि या दोहोंच्या मधे सुई फिरवताना रात्री एक मराठी आवाज लागायचा. स्वच्छ उच्चार, कसलीही घाई नाही. तो हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्याविषयी बोलायचा, मात्र त्यांना ‘प्रभू येशू’ म्हणायचा.

हे स्टेशन आहे तरी कुठे, हे आम्हा भावंडांना कळेना. आकाशवाणी तर नव्हेच. त्या काळी भारतात प्रसारण म्हणजे सरकारचेच काम. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले, पुढे खासगी एफएम आले, तरी धार्मिक संस्थांसाठी एफएमच्या परवान्याचे दार बंदच राहिले. मग ज्यांना रोज धर्म सांगायचा होता, त्यांनी समुद्रापलीकडे जागा शोधल्या.

भारतासाठी अशा दोन जागा महत्त्वाच्या. ट्रान्स वर्ल्ड रेडिओची सुरुवात १९५४ मध्ये पॉल फ्रीड नावाच्या अमेरिकन माणसाने केली, तीही मोरोक्कोतल्या टॅंजियर या मुस्लिम शहरात! मोरोक्कोने रेडिओ सरकारी ताब्यात घेतल्यावर १९६० मध्ये त्यांनी मोंटे कार्लो गाठले, आणि १९७८ पासून श्रीलंकेतल्या पुत्तलमहून भारताकडे तोंड करून प्रसारण सुरू केले. मीडियम वेव्ह, ८८२ किलोहर्ट्झ, ताकद ४०० किलोवॅट. पालीपासून पुत्तलम तेराशे किलोमीटरहून दूर. दिवसा आकाशातला एक थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थराला आपटून दूरवर उतरतात. म्हणून तो आवाज आम्हाला मगरिबनंतरच भेटायचा.

दुसरे ‘फेबा’. त्यांनी १९७० पासून सेशेल्स बेटांवरून शॉर्टवेव्हवर प्रसारण केले. त्यांच्या ॲंटेनाचे मनोरे चक्क समुद्रात, प्रवाळाच्या खडकावर उभे होते, कारण खाऱ्या पाण्यावरून लहरी जोमाने उसळतात. कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचे भारतात, टेप जायच्या बेटावर, आणि तिथून तोच आवाज तीन हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून पुन्हा भारतात. आपल्याच शेजाऱ्याचा निरोप समुद्राला वळसा घालून यावा तसे! २००३ मध्ये ते केंद्र बंद झाले.

पुत्तलमविषयी आम्हाला नंतर कळले ते अधिक नवलाचे. त्या गावात मुस्लिम वस्ती मोठी. १९९० मध्ये तमिळ वाघांनी उत्तर श्रीलंकेतून सत्तर हजारांहून अधिक मुस्लिमांना हाकलून दिले, तेव्हा त्यातले बहुतेक पुत्तलम जिल्ह्यातच छावण्यांत येऊन राहिले. म्हणजे बौद्धबहुल देशात, मुस्लिमांच्या गावाजवळून, ख्रिस्ती माणसे आमच्याशी मराठीत बोलत होती.

हे ऐकणे सर्वांना रुचत नव्हते. जमातीतल्या एका बुजुर्गांनी अब्बांना बजावले, ‘पोरं बिघडतील.’ अब्बा शांतपणे म्हणाले, ‘सुई फिरवल्यानं ज्याचं ईमान हलतं, त्याच्या ईमानाची काळजी करा, रेडिओची नको.’ पण अब्बांचीही मर्यादा होती. अशा कार्यक्रमांत कधीकधी कुणी आपली कहाणी सांगायचा, आणि तिच्यात त्याचा जुना धर्म म्हणजे नुसता अंधार असायचा. तिथे अब्बा बटण फिरवायचे. आमच्या मते ते योग्यच होते. आपला दिवा दाखवायला दुसऱ्याच्या घरात अंधार असल्याचे सांगावे लागू नये.

श्रोते किती, हे ही केंद्रे येणाऱ्या पत्रांवरून ठरवत. आमच्या बडी आपाने एकदा पोस्टकार्ड टाकले: आमच्या कुरआनात मरियम नावाची सूरह आहे, एकोणिसावी, तुमच्या श्रोत्यांना हे ठाऊक आहे का? उत्तरात एक पुस्तिका आली आणि हाताने लिहिलेल्या दोन ओळी, ‘ताई, ठाऊक नव्हते. कळवल्याबद्दल आभार.’ पोस्टमनने पाकीट देताना पाठीमागचा पत्ता दोनदा वाचला होता. गाव लहान, आठवडाभर त्या पाकिटाचीच चर्चा!

पण आमच्या मनाला खरे लागले ते वेगळेच. अम्मी शाळेत जेमतेम चौथीपर्यंत गेलेली, घरात कोकणी बोली, बाहेर मराठी. मशिदीतले जुम्याचे बयान भोंग्यावरून घरात यायचे ते भारदस्त उर्दूत. ती डोक्यावर पदर घेऊन अदबीने ऐकायची, पण निम्मे कळायचे नाही. एके रात्री ती सहज म्हणाली, ‘हा पाद्री काय म्हणतो ते सगळं समजतं गं. आपले मौलाना असं का बोलत नाहीत?’ अब्बांकडे उत्तर नव्हते.

ख्रिस्ती लोकांना ही मराठी रेडिओने दिलेली नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच गोव्यात छापून निघाले होते, पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून बायबल साध्या मराठीत आणले. आपल्याकडेही श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत लिहून गेलेच की. कुरआनाचे मराठी भाषांतरही आज मिळते. ते कपाटात नीट गुंडाळून ठेवलेले असते, ही गोष्ट निराळी.

आता तो ट्रान्झिस्टर नाही, अम्मीही नाही. आमची भाची मोबाइलवर मोहल्ल्यातल्या बायकांसाठी दर जुमेरातीला दहा मिनिटे बोलते. तिलावत अरबीत, अर्थ मराठीत. पहिल्याच भागात भांडण झाले. ‘मगफिरत’ला मराठीत क्षमा म्हणायचे की मगफिरतच ठेवायचे? आपा म्हणते ठेवायचे, भाची म्हणते अम्मीच्या अम्मीला कळले असते का ते आधी सांग. तिसरा जुमा आला, अजून ठरलेले नाही.