हाड जुळलं, दुखणं राहिलं



आम्ही मूळ खानदेशातले. आजोबा भुसावळ-सुरत गाडीने बारडोलीत उतरले, साखर कारखान्यात लागले आणि आम्ही इथलेच झालो. आज आईच्या उजव्या हाताबद्दल लिहितोय.

दिवाळीनंतर आई ओट्यावरून पडली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. निघालं तेव्हा एक्स-रे चांगला होता, पण हात सुजलेला, लालबुंद, चकाकणारा. साडीचा पदर लागला तरी ती कळवळायची. मी म्हणालो, "आई, हाड जुळलंय ना? मग आता उगाच काय?"

त्यानंतर ती दुखण्याबद्दल बोललीच नाही. एकदा रात्री दोन वाजता उठलो, तर ओट्यावर हात मांडीवर घेऊन एकटीच रडत बसलेली. दुसऱ्याच दिवशी तिला सुरतला नेलं.

डॉक्टरांनी हात बघितला, बराच वेळ तिचं ऐकलं आणि नाव सांगितलं : कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, म्हणजे सीआरपीएस. म्हणाले, "चोर गेलाय, पण राखणदार अजून ओरडतोय." जखम भरते, पण नसा आणि मेंदू धोक्याची खूण देतच राहतात. दुखणं खरंच असतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी गोळी लागलेल्या सैनिकांत अशीच जळजळ नोंदवली होती. आजचं नाव १९९४चं.

आम्ही मायेने तिचा हात गळ्यात बांधून ठेवला होता. नेमकं तेच चुकलं. गोळ्या होत्याच, पण खरं औषध हात वापरणं. आधी कापूस फिरवायचा, मग टॉवेल, मग तूरडाळीच्या डब्यात हात. शिवाय आरसा : दुखरा हात आरशामागे, चांगला समोर हलवायचा. मेंदूला वाटतं, दोन्ही हात बिनदुखत हलतायत. हात गमावलेल्यांसाठी डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात हा उपाय काढला. पहिल्या दिवशी आई हसली, "हे काय रे खेळणं!"

त्या आखाजीला तिने चमचा धरला. पुढच्या आखाजीला पुरण वाटलं. मूठ अजून पूर्ण मिटत नाही, थंडीत ठणकतं.

प्लास्टर निघाल्यावर घरात कुणी "अजून जळतंय" म्हणालं, तर आधी खरं माना आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. माझं ते "उगाच" आई विसरली असेल. मी नाही विसरलो.